पापुद्रा आणि गजर

ऋजुता खांबेटेचं पेटंट एका कीर्तनामुळे अडलं. आणि कीर्तन कोणाचं, तर तिच्याच वडिलांचं.

बातमी घेऊन आली शबाना शिकलगार. शाळेत ऋजुताच्या शेजारच्या बाकावर बसायची, आता मिरजेत वकिली करते. ती ऋजुताच्या कारखान्यात शिरली तीच ओठ दाबून.

"बस आधी. आणि हसू नकोस," शबाना म्हणाली.

"अर्ज नाकारला ना? त्यात हसायचं काय?"

"कारण ऐक की. 'सदर पद्धत अर्जाच्या तारखेपूर्वीच सार्वजनिकरीत्या उघड झालेली आहे. स्थळ, राममंदिर, मिरज. निमित्त, रामनवमी उत्सव. उघड करणारे, ह.भ.प. श्रीधरबुवा खांबेटे.'"

ऋजुता हसली नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "अण्णा!"

एवढ्या एका हाकेत काय काय आलं, ते कळायला आधी तो शोध काय होता ते सांगायला हवं.

काही पदार्थ असे असतात की दाबले की त्यांच्यातून वीज निघते, आणि वीज दिली की ते थरथरतात. आवाज म्हणजे तरी काय, हवेची दाबादाबीच. तेव्हा अशा पदार्थाचा अगदी पातळ, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका थर केला, तर तो आवाज ऐकूही शकतो आणि करूही शकतो. अडचण एकच असते. थरातले कण वाटेल तिकडे तोंडं करून बसतात. एकाची वीज उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे, हिशेब शून्य. त्यांना एका दिशेला वळवायचं म्हणजे बंदिस्त निर्वात पेटी, भट्टीसारखी उष्णता आणि विजेचा जबर ताण लागतो. त्यात थर ज्यावर बसवायचा ते प्लास्टिक वितळून जातं आणि यंत्रांची किंमत ऐकून माणूसही.

ऋजुताने निराळीच वाट काढली. कोमट पाण्याच्या पसरट ताटात पदार्थाचा एक थेंब सोडायचा. तो तेलासारखा पसरतो. ताटाखालून एक सूर द्यायचा, आधी खालचा, मग चढत जाणारा. पाणी शहारतं, आणि त्या शहाऱ्यावर कण आपोआप एका दिशेला तोंड करतात. मग थर सुकू द्यायचा आणि पाण्यावरून अलगद उचलून घ्यायचा. दुधावरची साय उचलतो तसा.

त्या पापुद्र्यातून तिने कानामागे चिकटवायची टिकली केली. टिकली बोलणं ऐकते, मोठं करते आणि कानामागच्या हाडाला थरथर देऊन आत पोचवते. बॅटरी नखाएवढी. मिरजेत चाचणीसाठी म्हणून ती शे-दीडशे लोकांना दिली, आणि वर्षभरात घराघरांतली हवा बदलली. सुना स्वयंपाकघरात जपून बोलू लागल्या. "मला ऐकू आलं नाही" या सबबीवर ज्यांचा संसार सुखाने चालला होता, अशा पुष्कळ नवऱ्यांची पंचाईत झाली. आणि राममंदिरात मागच्या भिंतीला टेकून नुसती देवाची मूर्ती बघत बसणारी म्हातारी माणसं पुन्हा कीर्तनाला हसायच्या जागी हसू लागली. असा पहिला हशा उठला त्या दिवशी श्रीधरबुवांनी गादीवरून उतरून मुलीला काही न बोलता प्रसादाचे दोन पेढे जास्त दिले होते.

आता बुवांची एक सवय. शिळा दृष्टांत ते सांगत नसत. जुना अभंग चालेल, पण दृष्टांत ताजा हवा, त्याच दिवसाचा असला तर फारच छान. म्हणून कीर्तनाला निघण्यापूर्वी ते मुलीला फोन लावत. "काय गं, आज काय नवीन?" ती कामाच्या गडबडीत काहीतरी सांगे, आणि ते बुवांच्या तोंडून देवळात पोचे. त्या रामनवमीच्या सकाळी ऋजुताचा पापुद्रा पहिल्यांदा अखंड निघाला होता. आनंद पोटात मावत नव्हता. तिने सगळं सांगितलं.

तरीही ते देवळापुरतंच राहिलं असतं. पण उत्सव समितीने त्या वर्षी कीर्तनं जगभर दिसतील अशी सोय केली होती. शब्द आपोआप उतरवले जात, आपोआप जगातल्या भाषांत जात. आणि हल्ली मोठ्या कंपन्यांकडे अशी शोधयंत्रं असतात, जी जगात कुठे कोण काय बोललं ते सगळं चाळून काढतात. नीलवर्ण मटेरियल्स ही त्यातलीच कंपनी. कानटिकल्या तिलाही करायच्या होत्या. तिच्या यंत्राने एक दिवस वर्दी दिली की पाण्यावरच्या पापुद्र्याची पद्धत ऋजुताच्या अर्जाच्या तीन महिने आधी मिरजेत, झांजांच्या साथीने, जाहीर झालेली आहे.

"अपील करू," शबाना म्हणाली. "एक वाट आहे. नुसतं कुठेतरी बोललं गेलं, एवढ्याने पेटंट जात नाही. ते बोलणं ऐकून त्या विषयातल्या जाणत्या माणसाला वस्तू करून बघता आली पाहिजे. कीर्तनातून तसं काही कळत नाही, हे आपण सिद्ध करायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काकांनी लिहून द्यायचं. 'मला विज्ञानातलं काही कळत नाही. दृष्टांत मी अंदाजाने रचला.'"

ऋजुताने ताटातल्या पाण्यात बोट बुडवून ऊब बघितली. पेटंट हातात असेल तर कारखाना वाढवायला बंगळुरूची मंडळी पैसे घालायला तयार होती. नसेल तर नीलवर्ण उद्या सकाळी मोठाली ताटं मांडणार, आणि त्यांच्यापुढे हा कारखाना कितीसा टिकणार? इथे काम करणाऱ्या सगळ्या तिच्या हाताखाली शिकलेल्या.

"त्यांना मीच विचारते," ती म्हणाली.

* * *

बुवा ओट्यावर बसून चिपळ्यांना नवा गोंडा बांधत होते. सोबत आलेल्या शबानाने पुढे केलेला कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे मी लिहून देऊ?"

"एक सही आहे अण्णा. कोर्टाची भाषा अशीच असते."

"नारदाच्या गादीवर उभं राहून, मला न कळलेली गोष्ट लोकांना सांगितली, असं मी सहीनिशी म्हणायचं."

"तुम्हाला थोडंच सगळं कळलं होतं?"

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. "फोनवर तुला तीन वेळा विचारलं होतं, कण फिरतात म्हणजे नक्की काय होतं. तू चिडलीस. कळल्याशिवाय मी गादीवर बोलत नाही, बाळ. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

शबाना मध्ये पडली. "काका, अजून एक युक्ती आहे. शोधकाने विद्वानांच्या सभेत निबंध वाचला, तर कायद्यात सूट आहे. आपली राममंदिरातली मंडळी विद्वत्सभा आहे असं म्हणून बघू?"

"निबंध मी वाचला पाहिजे ना, अण्णांनी नाही," ऋजुता म्हणाली. "आणि पहिल्या रांगेतली निम्मी विद्वत्सभा पेंगत असते."

"पेंगत नाहीत," बुवा म्हणाले. "डोळे मिटून ऐकतात."

तिघंही हसली. पण कागद सही न होताच राहिला, आणि हसू ओसरल्यावर ऋजुताच्या तोंडून जायचं ते गेलं. "तुमची गादी राहील अण्णा. माझा कारखाना जाईल."

बुवांनी गोंड्याची गाठ मारली. चिपळ्या बाजूला ठेवल्या. "सही मी करत नाही," ते सावकाश म्हणाले. "पण तिथे येऊन गप्प बसेन. तुमचे लोक म्हणोत की खांबेटेबुवा अर्थ नसलेलं बडबडतो. मी नाही म्हणायला उठणार नाही. एवढं चालेल?"

"काका," शबाना म्हणाली, "तुम्ही आणि गप्प?"

"रामाची शपथ."

* * *

पेटंट अपिलांचं न्यायपीठ पुण्यात बसे. अध्यक्षा बेहेरेबाई, केस पांढरे, नजर करडी. समोर नीलवर्णचे वकील दिवेकर आणि त्यांचे तज्ज्ञ, धारवाडचे डॉ. हिरेमठ. मागच्या खुर्च्यांवर अनपेक्षित गर्दी होती. इचलकरंजी, राजकोट, कोइमतूर इथून लहान लहान कारखानदार आले होते. पद्धत कोणाच्या ताब्यात जाते याची त्यांनाही काळजी. बुवा एका कोपऱ्यात, उपरणं नीट घडी घालून, तोंड मिटून.

दिवेकरांनी चित्रफीत लावली. भिंतभर राममंदिर उभं राहिलं, आणि मध्ये श्रीधरबुवा.

"मंडळी, चित्त म्हणजे काय हो? पाण्यावर सांडलेला थेंब. पसरतं! किती पसरतं? ताटभर. आणि पसरलं म्हणजे झालं का? छे. आतला कण न् कण निराळ्या दिशेला. एक म्हणतो बाजार, एक म्हणतो वावर, एक म्हणतो शेजारणीची साडी!" देवळात हशा. "मग त्याला धोपटून सरळ करायचं? भट्टीत घालायचं? जळून जाईल. अहो, पाणी कोमट ठेवा. पाठीवर ऊन पाणी घेता ना, तेवढं. आणि खालून सूर द्या. आधी खर्ज. मग एकेक पायरी वर. घाई नाही. पाणी शहारलं पाहिजे, उसळता कामा नये. शहाऱ्यावर कण वळतो, आणि वळला की एकाच बाजूला बघतो. कोणाकडे?"

"रामाकडे!" देऊळ म्हणालं.

फीत थांबली. मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हलक्याने टाळी वाजवली आणि कावरंबावरं होऊन हात खाली घेतले.

"पाण्याची उष्णता, सुराचा क्रम, शहारा किती, सगळं यात आहे," दिवेकर म्हणाले. "आमच्या तज्ज्ञांनी एवढं ऐकून पापुद्रा करून पाहिला. झाला."

शबाना उठली. "डॉक्टर हिरेमठ, झाला ना? अखंड?"

हिरेमठ प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी मान खाजवली. "कण वळले. अगदी सुंदर वळले. पण सुकताना तडे गेले."

"किती वेळा करून बघितलंत?"

"पुष्कळ वेळा. दरवेळी तडे."

"तडे गेलेल्या पापुद्र्याची टिकली होते?"

"नाही हो. जेमतेम रांगोळी होईल."

न्यायासनावरसुद्धा हसू आलं. शबाना ऋजुताकडे वळली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. जाणत्या माणसालाही ऐकून करता आलं नाही, एवढंच तर हवं होतं. अपील जवळजवळ हातात आलं होतं. "महोदया, कीर्तन गोड आहे," ती म्हणाली, "पण त्यातून पापुद्रा होत नाही. ती नुसती उपमा आहे."

कोपऱ्यात बुवांनी उपरण्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. 

बेहेरेबाई मात्र पडद्याकडेच बघत होत्या.

"दिवेकर, फीत इथेच संपते?"

"दृष्टांत संपतो, महोदया. पुढे नुसतं भजन आहे. विषयाशी संबंध नाही म्हणून कापलं."

"दृष्टांतानंतर गजर असतो," बाई म्हणाल्या. "माझं लहानपण औंधला गेलंय. दृष्टांत अर्धवट सोडून बुवा गजर करत नाहीत. दृष्टांताचा शेवट गजरातच येतो. पूर्ण फीत लावा."

दिवेकरांनी बेफिकिरीने मान हलवली. भजनात कसली भीती?

पडद्यावरचे बुवा हात उंचावून म्हणाले, "कण वळला, मंडळी. आता खरी कसोटी! सूर एकदम तोडलात तर काय होईल? जो वळलाय तो तडकेल. आधार गेला की माणूस तडकतो, तसाच. म्हणून थांबायचं नाही. मावळायचं. म्हणा नाम!"

देवळात रामनामाचा गजर उसळला. झांजा, टाळ्या, तबला. बुवांनी तळवा थोडा खाली केला. "आता अर्धा." आवाज अर्ध्यावर आला. "त्याच्या अर्धा." आणखी खाली. "पुन्हा अर्धा. लय सोडू नका, जोर सोडा." दरवेळी तळवा खाली, आवाज निम्मा. झांजांची नुसती किणकिण उरली, मग टाळ्यांची कुजबुज, मग तीही नाही. "आता ओठ हलू देत, आवाज नको." पडद्यावर शेकडो ओठ हलत होते आणि काहीच ऐकू येत नव्हतं. बराच वेळ. आणि मग बुवा हलकेच म्हणाले, "आता उचला. अखंड निघेल."

न्यायपीठाच्या त्या थंडगार खोलीत सगळे श्वास धरून बसले होते. 

"अर्ध्याचा अर्धा!" हिरेमठ उभेच राहिले. "आम्ही बटण बंद करत होतो. एकदम! ताण जायला वेळच देत नव्हतो..." दिवेकरांनी त्यांचा कोट ओढून त्यांना खाली बसवलं.

"डॉ. खांबेटे," बेहेरेबाई म्हणाल्या. "पापुद्रा तुमचा. तुम्हीच सांगा. सूर निम्म्या निम्म्याने उतरवायचा, ही तुमच्या पद्धतीतली पायरी आहे का? आणि ती या गजरात, ऐकणाऱ्याला कळेल अशी, सांगितलेली आहे का?"

शबाना दातांतल्या दातांत पुटपुटली, "गजर हा गजर असतो, एवढंच म्हण. मत आहे तुझं. कोणी खोटं पाडू शकत नाही."

हिरेमठांना तरी आत्ता कुठे सुचलं होतं, करून कुठे पाहिलं होतं? खरंच कोणी पाडू शकत नव्हतं. एक माणूस सोडून, आणि तो माणूस कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. ऋजुताने वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. आपल्या नजरेचंसुद्धा ओझं तिच्यावर पडू नये, म्हणून ते जमिनीकडे बघत होते. आयुष्यभर ज्यांनी देवळातल्या शेवटच्या भिंतीपर्यंत शब्द पोचवायचा ध्यास घेतला, ते स्वतःचे शब्द पोकळ ठरवून घ्यायला, तिच्यासाठी, तोंड मिटून तयार होते.

तिला कारखाना दिसला. ताटं दिसली. बंगळुरूचे लोक दिसले, हात मागे घेणारे. आणि तिला हेही कळलं की "नाही" म्हटलं, तर त्या दिवशी देवळात ओठ हलवणाऱ्या त्या सगळ्या माणसांना काही कळलं नव्हतं, असं तिला म्हणावं लागेल.

"आहे," ती म्हणाली. "माझ्या अर्जात या पायरीसाठी दोन पानं आणि एक आलेख आहे. अण्णांनी गजरात सांगितलं ते जास्त सोपं आहे. हे ऐकून कोणालाही पापुद्रा करता येईल."

शबानाने पेन खाली ठेवलं. "झालं कल्याण," ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता.

* * *

निकाल दुपारीच आला. पद्धतीवरचे सगळे दावे रद्द. बेहेरेबाईंनी लिहिलं होतं की ज्या कीर्तनातून ऐकणाऱ्याला करून बघता येतं, ते कीर्तन कायद्याच्या दृष्टीने पूर्ण प्रकाशन आहे, आणि ते गजरासहित वाचलं पाहिजे. टिकलीच्या घडणीवरचा शेवटचा दावा मात्र कायम राहिला, कारण तो कीर्तनात नव्हता. कसा असणार? रामनवमीपर्यंत तो ऋजुताला सुचलाच नव्हता. म्हणजे पापुद्रा आता कोणीही करावा, आणि मिरजेची टिकली मिरजेची. बंगळुरूच्या मंडळींचा निरोप तासाभरात आला. अत्यंत नम्र आणि अत्यंत थोडक्यात.

"नुकसान केलं मी तुझं," व्हरांड्यात बुवा म्हणाले.

"केलंत," ऋजुता म्हणाली. "आता मोठी जागा नाही, मोठी यंत्रं नाहीत. आहे त्याच छपराखाली, आहोत तेवढ्यांनी टिकल्या करायच्या." मग तिने त्यांचं उपरणं खांद्यावर सारखं केलं. "पण ते न्यायाधीशबाईंनासुद्धा कळलं हो अण्णा. आलेख न बघता!"

बुवांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला. जमला नाही.

तेवढ्यात हिरेमठ धावत आले. मागे दिवेकर "डॉक्टर, अहो डॉक्टर" करत. "मॅडम, एकच शंका. हवेत दमटपणा असेल तर अर्धं करायचा वेग तोच ठेवायचा का?"

"नाही, तेव्हा दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवायचं. थांबा, दाखवते." ऋजुताने कोपऱ्यातल्या पिंपातून स्टीलच्या ताटलीत पाणी घेतलं, व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलं आणि बाकाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. पाण्यावर शहारा उठला. इचलकरंजीची एक बाई वाकून बघू लागली. राजकोटचे दोघे आले. कोइमतूरचा एकजण कानाला भाषांतराचं यंत्र लावून पुढे सरकला. बघता बघता बाकाभोवती कोंडाळं झालं. दिवेकरसुद्धा चष्मा वर करून डोकावले.

"आता अर्धा," ऋजुता म्हणाली आणि ठेका उतरवला. "त्याच्या अर्धा. लय तीच."

गर्दीच्या मागून एक हात वर झाला. उपरण्यातला.

"पण बाई, पाणी गार झालं मध्येच, तर काय करायचं?"

"अण्णा! तुम्हाला माहीत आहे ते."

"मला माहीत आहे गं," श्रीधरबुवा टाचा उंचावून म्हणाले. "मागच्यांना कळलं का, ते बघतोय."